स्ट्रॅटफर्डची वारी

विलायतेचा प्रवास करून परतलेल्या आपल्याकडील एखाद्या सुशिक्षित दांपत्याचे प्रवासवर्णन उघडावे, तो त्यात स्ट्रॅटफर्डचे प्रकरण हटकून सापडते. सकाळी लंडनहून मोटारीने निघावे, ऑक्सफर्डचे मनोरे वाटेत पाहून घ्यावे, दुपारी एव्हन नदीच्या काठी पोचावे, हेन्ली स्ट्रीटवरील लाकडी चौकटीच्या घरासमोर पतीने पत्नीचे आणि पत्नीने पतीचे छायाचित्र काढावे, महाकवीचे चित्र असलेले चहाचे पेले विकत घ्यावे आणि दिवेलागणीच्या आत परत फिरावे, असा या प्रकरणाचा ठराविक साचा आहे. साच्याला माझी हरकत नाही. मनुष्य प्रवासाला जातो तो मौजेसाठीच. हरकत आहे ती प्रकरणाच्या शेवटच्या वाक्याला. ते वाक्य बहुधा अशा अर्थाचे असते की, इंग्रजांनी आपल्या कवीचे घर चारशे वर्षे जिवापाड जपले, नाहीतर आम्ही! आणि या 'नाहीतर आम्ही'नंतर एक दीर्घ सुस्कारा.

हा उद्गार आता प्रवासवर्णनांपुरता राहिलेला नाही. साहित्यसभांच्या व्यासपीठांवरून, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि दिवाणखान्यातील गप्पांतून तो इतक्या वेळा कानी पडतो की, त्याचा खरेखोटेपणा तपासावा असे कोणाच्या मनातही येत नाही. तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवून ज्याने पोट भरले, त्याने तरी तो तपासावा, म्हणून हा लेख. या एका उद्गारात तीन विधाने दडलेली आहेत. एक, इंग्रजांनी ही घरे पूर्वापार भक्तिभावाने जपली. दोन, तेथे जे दाखवतात ते सगळे त्या कवीचेच. आणि तीन, कवीचे घर जपणे हीच वाङ्मयप्रेमाची खरी खूण. यांपैकी पहिले विधान इतिहासाला धरून नाही. दुसरे अर्धेमुर्धेच खरे आहे. आणि तिसरे, जे सर्वांना निर्विवाद वाटते, तेच आपल्याला सर्वांत घातक आहे.

प्रथम पहिले घेऊ. हाती पैसा आल्यावर शेक्सपिअरने १५९७ मध्ये गावातले 'न्यू प्लेस' नावाचे मोठे घर विकत घेतले आणि आयुष्याची अखेर त्याने तेथेच घालवली. त्याच्या कर्तेपणाचे घर ते. त्याचे पुढे काय झाले? १७०२ च्या सुमारास ते बहुतांशी नव्याने बांधले गेले. आणि १७५९ मध्ये फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या धर्मोपदेशकाने, जो तेव्हा त्या वास्तूचा धनी होता, ते साफ जमीनदोस्त केले. कारण काय, तर कराच्या आकारणीवरून गावाशी तंटा! त्याआधीच त्याने बागेतले तुतीचे झाड तोडले होते. ते शेक्सपिअरने स्वहस्ते लावले असे लोक मानीत, आणि ते पाहायला येणाऱ्यांचा या गृहस्थाला उपद्रव होई. झाड पडले, पण व्यापार उभा राहिला. टॉमस शार्प नावाच्या घड्याळजीने ते लाकूड विकत घेऊन त्याच्या तपकिरीच्या डब्या, पेले आणि पेट्या वर्षानुवर्षे विकल्या. एका झाडात इतके लाकूड निघते कसे, अशी शंका लोक घेऊ लागले, तेव्हा मरणसमयी, १७९९ मध्ये, त्याने शपथेवर लिहून दिले की, माझा सर्व माल त्याच एका झाडाचा. द्रौपदीच्या थाळीनंतर इतकी अक्षय्य वस्तू माझ्या तरी ऐकिवात नाही.

जन्मघराची हकीकत याहून फार निराळी नाही. एकोणिसाव्या शतकात त्याच्या एका भागात खाटकाचे दुकान चाले आणि दुसऱ्या भागात मद्यगृह. १८४७ मध्ये त्याचा जाहीर लिलाव निघाला. बार्नम नावाचा अमेरिकेतला खेळवाला ते घर विकत घेऊन समुद्रापार नेणार अशी आवई उठली, तेव्हा कोठे इंग्रजांचा स्वाभिमान जागा झाला आणि वर्गणी जमवून तीन हजार पौंडांना ते घर सोडवण्यात आले. पुढे लगतची घरे पाडून आणि १७६९ मध्ये छापलेल्या एका जुन्या चित्राचा आधार घेऊन त्याला आजचे रूप देण्यात आले. हे सर्व कवीच्या मृत्यूनंतर दोनशे एकतीस वर्षांनी सुरू झाले. त्या १७६९ सालीच डेव्हिड गॅरिक या विख्यात नटाने स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचा तीन दिवसांचा महोत्सव भरवला होता. मेजवान्या झाल्या, नृत्ये झाली, घोड्यांची शर्यत झाली; पावसाने मिरवणूक मात्र बुडाली. आणि या सगळ्या धामधुमीत शेक्सपिअरचे एकही नाटक झाले नाही! स्मारकांचा उत्सव आणि वाङ्मयाचा विसर हे दोन्ही एकाच मांडवाखाली कसे नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मी हे इंग्रजांना हिणवण्यासाठी लिहीत नाही. माणसे सगळीकडे सारखीच. जे घर उद्या पूज्य ठरणार ते आज पाडताना कोणाचाच हात थरथरत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्या चारशे वर्षांच्या अखंड भक्तीचा दाखला देऊन आपण स्वतःला कोसतो, ती भक्ती मुळात अखंड नव्हती.

आता दुसरे विधान. १७८६ मध्ये अमेरिकेचे दोन भावी अध्यक्ष, जॉन अ‍ॅडम्स आणि टॉमस जेफर्सन, हे घर पाहायला आले, तेव्हा तेथे कवीची म्हणून एक खुर्ची दाखवीत. रिवाजाप्रमाणे या दोघा थोर पुरुषांनी तिची एक ढलपी कापून घेतली. १८१५ मध्ये वॉशिंग्टन आयर्व्हिंग आला आणि त्याने आपल्या निबंधात या वस्तुसंग्रहाची मनमुराद थट्टा केली. कवीने तरुणपणी चोरून हरिण मारले ती बंदूक, हॅम्लेटची भूमिका करताना त्याच्या हाती असलेली तलवार, इतकेच नव्हे तर रोमिओ आणि ज्युलिएट यांच्या थडग्यात पाद्रीबाबाने नेलेला कंदीलसुद्धा तेथे होता! कल्पित पात्राच्या हातातला कंदील जेथे प्रत्यक्ष पाहायला मिळतो, तेथे आणखी काय मिळणार नाही?

ही बाजारबुणगी आता तेथून गेली आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता तेथे गेलो होतो. जन्मघराच्या वरच्या खोलीत पलंग, पाळणा, पेटारा असे सगळे पाहून झाल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी तेथील बाईंना सरळ विचारले, "यातली त्याची स्वतःची वस्तू कोणती?" त्या बाईंनीही तितक्याच सरळपणे उत्तर दिले की, सामान त्या काळचे आहे किंवा त्या काळच्या धर्तीवर केलेले आहे, त्याचे असे खात्रीने सांगता येण्यासारखे काही नाही. पुढे शॉटरी येथील अ‍ॅन हॅथवेच्या घरी गेलो. गवताने शाकारलेले ते टुमदार घर आणि त्याची बाग पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. पण सौ. म्हणाल्या, "अहो, हे तर तिचे माहेर. लग्न झाल्यावर ती येथे राहिलीच नाही. मग तिच्या संसाराचे घर कुठे आहे?" तिच्या संसाराचे घर म्हणजे ते 'न्यू प्लेस'. तेथे आज बाग आहे.

याहून बोधप्रद गोष्ट आहे ती विल्मकोट या जवळच्या खेड्यातली. कवीची आई मेरी आर्डन हिचे घर म्हणून एक लाकडी वाडा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दाखवण्यात येई. १९३० मध्ये तो शेक्सपिअरच्या वास्तू सांभाळणाऱ्या विश्वस्त संस्थेने विकत घेतला आणि सत्तर वर्षे माणसे तेथे नतमस्तक होत राहिली. २००० साली जुने कागद तपासताना निष्पन्न झाले की, तो वाडा पामर नावाच्या शेजाऱ्याचा. आर्डन कुटुंबाचे खरे घर म्हणजे लगतचे दुसरे शेतघर. संस्थेने हे लपवले नाही, पाटी बदलली. हा तिचा मोठेपणा. पण आपण विचार करावा तो हा की, सत्तर वर्षे भाविकांच्या अंगावर जे रोमांच उभे राहिले ते कशामुळे? वास्तूमुळे म्हणावे, तर वास्तू चुकीची होती. ते रोमांच पाटीचे होते. आणि पाटी खरी की खोटी हे शेवटी ठरवले कोणी? कागदाने.

येथेच मी तिसऱ्या विधानाकडे वळतो; कारण माझा खरा वाद तेथे आहे. हेन्ली स्ट्रीटवरचे घर शेक्सपिअरच्या बापाचे, हे आपण कशावरून म्हणतो? त्याचा सर्वांत जुना पुरावा १५५२ चा, म्हणजे कवीच्या जन्माआधी बारा वर्षांचा आहे: हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल जॉन शेक्सपिअर यास एक शिलिंग दंड! गावच्या कारकुनाने ही क्षुल्लक नोंद लिहिली आणि पुढच्या कारकुनांनी ती फेकून दिली नाही, म्हणून त्या रस्त्याचे आणि त्या घराण्याचे नाते आज सिद्ध करता येते. कवी जन्मला केव्हा? २६ एप्रिल १५६४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद होली ट्रिनिटी चर्चच्या वहीत आहे म्हणून आपल्याला ते कळते. तो आपल्या घरच्यांविषयी काय इच्छीत होता? मृत्युपत्र शिल्लक आहे म्हणून कळते. इंग्रजांचा हेवा करायचाच असेल तर तो या दप्तराचा करावा. घरे त्यांनीही पाडली. दप्तरे पुष्कळशी राखली.

आणि या दप्तराची खरी यात्रा कशी करावी हे पाहायचे असेल, तर दुसऱ्या एका दांपत्याचे उदाहरण घ्या. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स वॉलेस आणि त्यांच्या पत्नी हल्डा वॉलेस हे दोघे विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनला आले आणि सरकारी दप्तरखान्यात जाऊन बसले. न्यायालयांची न चाळलेली जुनी बाडे दोघांनी मिळून वर्षानुवर्षे उपसली. १९०९ मध्ये त्यांना एका खटल्याचे कागद सापडले. लंडनच्या सिल्व्हर स्ट्रीटवर माउंटजॉय नावाचा एक फ्रेंच कारागीर स्त्रियांची शिरोभूषणे करी. त्याच्या मुलीचे लग्न त्याच्याच हाताखाली शिकलेल्या उमेदवाराशी झाले. आणि ठरलेला हुंडा मिळाला नाही म्हणून जावयाने सासऱ्यावर फिर्याद केली. या खटल्यात १६१२ मध्ये ज्याची साक्ष झाली, तो माउंटजॉयचा एके काळचा भाडेकरू म्हणजे विल्यम शेक्सपिअर! मुलीच्या आईच्या विनंतीवरून आपणच त्या मुलाचे मन वळवले, असे तो सांगतो. पण हुंड्याची रक्कम किती ठरली होती, हे मात्र आता आठवत नाही म्हणतो. साक्षीखाली त्याची सही आहे. त्याच्या निर्विवाद मानल्या जाणाऱ्या सह्या जगात अवघ्या सहा. त्यांतली ही एक.

ज्या घरात हे लग्न जुळले ते १६६६ च्या लंडनच्या आगीत भस्मसात झाले. १९४० च्या बाँबहल्ल्यांत ती गल्लीही नाहीशी झाली. तेथे आज पाहण्यासारखे काहीही नाही. आणि तरीही नाटकातल्या पात्राच्या मुखाने न बोलता, चारचौघांसारखा, काहीसा अंग चोरून बोलणारा हाडामांसाचा शेक्सपिअर आपल्याला भेटतो तो त्या नाहीशा झालेल्या घरातच. हेन्ली स्ट्रीटचे घर शाबूत आहे, पण त्यात तो बोलत नाही. सिल्व्हर स्ट्रीटचे घर राहिले नाही, पण कागद राहिला, म्हणून तो तेथे बोलतो. प्रवासाला निघालेल्या किती दांपत्यांना हल्डाबाईंचे नाव ठाऊक असते?

ग्रंथांविषयी तर हे अधिकच खरे. शेक्सपिअर वारला तेव्हा त्याची निम्मी नाटके छापलेलीच नव्हती. जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या त्याच्या दोघा सहनटांना त्याने मृत्युपत्रात आठवणीच्या अंगठ्यांसाठी पैसे ठेवले होते. त्या दोघांनी कवीचे घर विकत घेतले नाही की पुतळा उभारला नाही. सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्यांनी त्याची छत्तीस नाटके एकत्र करून छापली. त्यांतली अठरा त्यापूर्वी छापलीच गेली नव्हती; मॅकबेथ, ज्यूलिअस सीझर, टेंपेस्ट ही त्यांतलीच. हे दोन नट आळसावले असते, तर हेन्ली स्ट्रीटवरची वीट न् वीट सोन्याने मढवूनही मॅकबेथमधला एक उद्गार परत आणता आला नसता. स्ट्रॅटफर्डच्या वास्तूंपैकी एकही उद्या उरली नाही, तरी शेक्सपिअरचे काहीही कमी होणार नाही. आणि तो ग्रंथ निघाला नसता तर त्या वास्तूंना आज कोण विचारता?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. घर पाहून मन हलते, कोवळ्या मुलांना वाङ्मयाची गोडी लागते, आणि त्या घरांच्या तिकिटांच्या पैशावरच दप्तरखान्याचाही संसार चालतो. मग घरांना नावे का ठेवता? मी घरांना नावे ठेवीत नाही. जन्मघराला लागूनच १९६४ मध्ये बांधलेले शेक्सपिअर सेंटर आहे. त्यात ग्रंथालय आहे आणि गावाचे जुने दप्तर आहे. माझी तक्रार ही की, आपल्या प्रवासवर्णनांत घराचे छायाचित्र असते आणि दहा पावलांवरच्या या इमारतीचा उल्लेखही नसतो. तीच गोष्ट नाट्यगृहाची. नदीकाठी १८७९ मध्ये उभारलेले नाट्यगृह १९२६ मध्ये जळाले. १९३२ मध्ये तेथे नवे उघडले, आणि आजही तेथे रात्री त्याच कवीची नाटके होतात. पण आपली मोटार दिवेलागणीच्या आत लंडनला परतायची असते! ज्या गावात हॅम्लेट आजही रंगभूमीवर जिवंत उभा राहतो, त्या गावी जाऊन त्याच्या कर्त्याचा पाळणा, तोही नकली, पाहून परतणे याला यात्रा म्हणायचे?

यात्रा म्हणजे काय हे आपल्या देशात तरी कोणी शिकवायला नको. देहूला जाणारा अडाणी म्हणवला जाणारा वारकरी तुकोबांचे घर पाहायला म्हणून जात नाही. तो त्यांचे अभंग म्हणत जातो. गाथा त्याच्या मुखात असते, म्हणून देहूला अर्थ येतो. त्याला हातात घेऊन फिरायला माहितीपत्रक लागत नाही. आमच्या विद्याविभूषित दांपत्याने या वारकऱ्याचे अनुकरण केले, तरी पुष्कळ झाले. आगरकर कधी विलायतेला गेले नाहीत. पण त्यांनी हॅम्लेट वाचला, पचवला आणि १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणला. स्ट्रॅटफर्डची मराठी माणसाने केलेली पहिल्या प्रतीची वारी ती. आणि तिला आगबोटीचे तिकीट लागले नाही.

'नाहीतर आम्ही' या सुस्काऱ्याचे खरे नुकसान येथे होते. तो सुस्कारा आपल्याला भलतीच गोष्ट मागायला लावतो. कवीचे जन्मघर ताब्यात घ्या, पाटी लावा, पुतळा बसवा, अशा मागण्या आपण करतो आणि त्या पुऱ्या झाल्या की कर्तव्य संपले असे समजतो. केशवसुतांचे स्मारक मालगुंडला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण केशवसुत आज आपल्याला वाचता येतात ते कशामुळे? त्यांच्या हयातीत त्यांचा एकही काव्यसंग्रह निघाला नाही. १९०५ मध्ये ते गेल्यावर हरि नारायण आपट्यांनी मासिकांतून विखुरलेल्या त्यांच्या कविता जमवून छापल्या. आपटे हे केशवसुतांचे हेमिंग्ज आणि काँडेल. त्यांचे खात्रीचे छायाचित्र आपल्यापाशी नाही आणि जन्मतारखेविषयीही वाद आहे. पण कविता आहे. स्मारक नसते तरी केशवसुत राहिले असते. त्या मासिकांचे अंक रद्दीत गेले असते, तर स्मारक कोणाचे उभारले असते?

आणि अंक रद्दीत जात आहेत. लेखक वारला की वर्षभरात त्याचे कपाट रिकामे होते. पत्रे फाडली जातात, टिपणवह्या किलोच्या भावाने जातात, आणि दहा वर्षांनी त्याच घराच्या भिंतीवर पाटी लावण्यासाठी समिती नेमली जाते. गॅस्ट्रेलने घर पाडले, त्याची दोन शतके निंदा झाली. आपल्याकडे माळा आवरताना आजोबांचा पत्रव्यवहार बंबात घालणाऱ्या सुशिक्षित नातवाची कोणी निंदा करीत नाही. उलट घर स्वच्छ केल्याबद्दल त्याचे कौतुकच होते.

म्हणून या मासिकाच्या वाचकांना माझी विनंती आहे. स्ट्रॅटफर्डला अवश्य जा, उभयता जा. पण जाण्यापूर्वी त्या कवीचे निदान एक नाटक मोठ्याने, आळीपाळीने, घरात वाचा, आणि एक रात्र तेथे मुक्काम करून दुसरे नाटक रंगभूमीवर पाहा. मग घर पाहायला वेळ उरला नाही तरी काही बिघडणार नाही. परत आल्यावर 'नाहीतर आम्ही' असे लिहायला बसण्याआधी आपल्याच घराच्या माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढा. तिच्यात काय आहे ते पाहा. त्याची यादी करा, कोणाचे पत्र, कोणत्या साली, कोणाला, एवढे तरी एका वहीत लिहून ठेवा, आणि आपल्याला जपणे जमणार नसेल तर ते सगळे एखाद्या चांगल्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करून पावती घ्या. एका उकिरड्याच्या दंडाची नोंद चारशे सत्तर वर्षांनंतर कामाला येते. आपल्या ट्रंकेत त्याहून मोलाचे काही नसेल, असे न पाहताच कोणी ठरवू नये.